बावीस सेंटिमीटरवरची गाठ

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ३६ वर्षांच्या भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य मजकूर असा : "माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. घरी चार यंत्रमाग आहेत, ते स्वतःच चालवतात. वर्षभर शौचावाटे रक्त जात होते. मूळव्याध समजून औषधे घेतली, अशक्तपणा वाढला तेव्हा कोलोनोस्कोपी केली आणि मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. सी.टी. स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसांत काही दिसले नाही. हिमोग्लोबिन ९ आहे. एक डॉक्टर म्हणतात, १९९८ साली अपेंडिक्स फुटून पोटावर मधोमध मोठे ऑपरेशन झालेले आहे, त्यामुळे पोट उघडूनच करावे लागेल. दुसरे म्हणतात, दुर्बिणीने होईल. पुण्यातील एका ठिकाणी रोबोटने करण्याचा सल्ला मिळाला, पण त्यासाठी दोन माग विकावे लागतील. शेजारच्या काकू म्हणतात, दुर्बिणीत पोटात गॅस भरतात आणि त्याने कॅन्सर पसरतो. आम्ही काय करावे?"

ताई, पत्रासोबत तुम्ही कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या आतड्याच्या तपासणीच्या, अहवालाची प्रत जोडली, हे फार बरे केले, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या अहवालातील एका आकड्यात आहे. गाठ गुदद्वारापासून २२ सेंटिमीटरवर आहे, असे तेथे लिहिले आहे. पत्रात तुम्ही 'आतड्याचा शेवटचा भाग' असे म्हणता आणि घरात सगळ्यांच्या मनात शौचासाठी पोटावर लावाव्या लागणाऱ्या कायमच्या पिशवीची भीती बसली आहे. पण गुदाशय, म्हणजे खऱ्या अर्थाने शेवटचा भाग, साधारण पहिल्या १५ सेंटिमीटरचा असतो. त्याच्या वरचा, इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळलेला जो भाग, त्याला सिग्मॉइड म्हणतात, आणि तुमच्या वडिलांची गाठ तेथे आहे. गुदाशयाची शस्त्रक्रिया कटिपोकळीच्या अरुंद हाडांत, लघवीच्या आणि लैंगिक कार्याच्या नसांना जपत करावी लागते. सिग्मॉइडची त्या मानाने मोकळ्या जागेत होते. कायमच्या पिशवीची वेळ या जागेच्या गाठीत सहसा येत नाही. दुर्बीण की पोट उघडणे या वादातही या दोन जागांची उत्तरे एकसारखी नाहीत.

आधी काकूंच्या बोलण्याविषयी लिहितो, कारण ते अगदीच हवेतले नाही. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली, आणि त्याच सुमारास अमेरिकेत मोठ्या आतड्याचा भाग दुर्बिणीने काढायला सुरुवात झाली. पित्ताशयाच्या बाबतीत प्रश्न लवकर सुटला. कॅन्सरच्या बाबतीत मात्र काही वर्षांतच असे रुग्ण नोंदवले जाऊ लागले, की ज्यांच्या पोटावरील दुर्बिणीच्या छोट्या छिद्रांच्या जागीच कॅन्सरची गाठ पुन्हा उगवली. वायूच्या दाबाने पेशी विखुरतात, ही शंका तेव्हा मोठमोठ्या शल्यचिकित्सकांनाही होती आणि कॅन्सरसाठी ही पद्धत चाचण्यांच्या चौकटीबाहेर वापरू नये, असाच सावध सूर त्या काळी होता. म्हणजे काकूंचे म्हणणे तीस वर्षांपूर्वीचे वैद्यकीय मतच आहे. फक्त त्यानंतर काय झाले, ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही.

त्यानंतर झाले ते असे. अमेरिका आणि कॅनडातील ४८ संस्थांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८७२ रुग्ण घेतले आणि कोणाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने करायची, कोणाची पोट उघडून, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के आणि पोट उघडलेल्या गटात १८ टक्के होते. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८६ आणि ८५ टक्के. हे फरक इतके किरकोळ आहेत, की दोन्ही गट बरोबरीचे मानले गेले. जखमेच्या जागी कॅन्सर उगवण्याचे प्रमाण दोन्ही गटांत एक टक्क्याहून कमी निघाले. सुरुवातीच्या काळातील त्या गाठींचे कारण वायू नव्हते, तर बरेचसे हाताळणी होते : गाठ थेट चिमट्यात धरणे, ती तशीच उघडी छिद्रातून ओढून काढणे. आता आतड्याचा काढलेला भाग प्लास्टिकच्या आवरणातून बाहेर आणतात, जेणेकरून तो जखमेच्या कडांना लागत नाही. काकूंना हे जरूर सांगा, आणि त्यांच्याविषयी राग धरू नका.

याच चाचणीतील आणखी दोन गोष्टी मला आकड्यांइतक्याच महत्त्वाच्या वाटतात आणि त्या जाहिरातींत कधी दिसत नाहीत. पहिली अशी, की त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक शल्यचिकित्सकाने अशा किमान २० शस्त्रक्रिया आधी केलेल्या असणे बंधनकारक होते आणि त्यांच्या कामाची चित्रफीत तपासली गेली होती. दुर्बीण सुरक्षित आहे हे सिद्ध झाले ते अशा पारखलेल्या हातांत. दुसरी अशी, की एवढ्या पारखलेल्या हातांतही दर शंभरातील २१ शस्त्रक्रिया दुर्बिणीने सुरू होऊन पोट उघडून पूर्ण कराव्या लागल्या. पुढे अनुभवाबरोबर हे प्रमाण घटले, तरी ते शून्य कधीच होणार नाही.

आता तुमच्या वडिलांच्या जुन्या व्रणाकडे येऊ. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला असेल आणि मधोमध उभा छेद घेऊन तो धुऊन काढला असेल, तर आतडी एकमेकांना आणि पोटाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असण्याची शक्यता पुष्कळ आहे. पहिल्या डॉक्टरांची काळजी म्हणून रास्त आहे. परंतु चिकटलेली आतडी ही आज दुर्बिणीला मनाई राहिलेली नाही. पहिले छिद्र जुन्या व्रणापासून दूर, बहुधा डाव्या बरगडीखाली घेतात, आत डोकावतात आणि पंधरा-वीस मिनिटांत अंदाज येतो : चिकटलेले पदर सहज सुटण्यासारखे असतील तर पुढे जायचे, नसतील तर पोट उघडायचे. हा निर्णय लवकर घेणे हे कौशल्य आहे, पराभव नव्हे. माझ्या उमेदीच्या काळात मला पोट उघडायला कमीपणा वाटत असे आणि त्यापायी दोन-तीन रुग्णांना मी गरजेपेक्षा तास-दीड तास अधिक भुलेखाली ठेवले, हे आज कबूल करायला हरकत नाही. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना तुम्ही विचारायचा प्रश्न 'दुर्बिणीने नक्की होईल ना?' हा नसून 'आत चिकटलेले निघाले तर तुम्ही किती वेळ प्रयत्न कराल आणि मग काय कराल?' हा आहे. 'तशी वेळ येणारच नाही' असे उत्तर मिळाले, तर मी तेथून उठेन.

पहिल्या डॉक्टरांनाही एक प्रश्न विचारा : पोट उघडण्याचा सल्ला ते वडिलांच्या पोटाकडे पाहून देत आहेत, की आतड्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया ते स्वतः नियमित करत नाहीत म्हणून? दुसरे कारण असेल आणि ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले, तर तो माणूस प्रामाणिक आहे असे समजा. पोट उघडून नीट केलेली शस्त्रक्रिया ही दुर्बिणीने कशीबशी केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा केव्हाही चांगली. आत जे करायचे ते दोन्हींत एकच असते. गाठीच्या दोन्ही बाजूंचे पुरेसे आतडे, त्याला रक्त पुरवणारा पडदा आणि त्यातील लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) एकसंध काढायच्या, मुख्य रक्तवाहिनी मुळाशी बांधायची, डावी मूत्रवाहिनी शेजारूनच जाते ती सांभाळायची आणि उरलेली दोन टोके, सहसा स्टेपलरने, जोडायची. बाहेरून किती छिद्रे पडली यावरून या कामाची प्रत कळत नाही. ती कळते ती नंतरच्या पॅथॉलॉजीच्या अहवालावरून : त्यात किमान १२ लसिका ग्रंथी तपासल्या गेल्या पाहिजेत आणि कापलेल्या कडा रोगमुक्त असल्या पाहिजेत. तो अहवाल हातात पडला की हे दोन मुद्दे स्वतः वाचा.

मग दुर्बिणीचा फायदा कोणता? तो पहिल्या काही आठवड्यांचा आहे आणि त्यानंतर पोटाच्या भिंतीचा आहे. वेदना कमी होतात, माणूस लवकर उठतो, जखम पिकण्याचे प्रमाण कमी राहते. वर सांगितलेल्या चाचणीत रुग्णालयातील मुक्काम सहाऐवजी पाच दिवसांचा झाला, म्हणजे फरक केवळ एका दिवसाचा. पण पोटाच्या मधोमध मोठा छेद घेतल्यावर पुढे त्या जागी हर्निया होण्याचे प्रमाण १० ते २० टक्क्यांच्या घरात असते, आणि मागावर बीम, म्हणजे सुताचे जड रूळ, उचलणाऱ्या माणसाला हा फायदा एका दिवसाच्या मुक्कामापेक्षा मोठा आहे. दुर्बिणीतही आतड्याचा भाग बाहेर काढायला पाच-सहा सेंटिमीटरचा एक छेद लागतोच. 'बिनटाक्याचे ऑपरेशन' या आपल्याकडील लोकप्रिय शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो आणि नंतर नातेवाईक 'हा टाका कसा काय?' म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालतात. तो छेद ओटीपोटावर खाली आडवा घेता आला तर हर्नियाची शक्यता बरीच कमी होते. तसे करता येईल का, हे विचारून ठेवा.

रोबोटविषयी माझे मत सरळ आहे : या गाठीसाठी माग विकू नका. रोबोट स्वतः काही करत नाही. शल्यचिकित्सक बाजूच्या आसनावर बसून त्याचे हात चालवतो. त्यातून मिळणारे त्रिमितीय चित्र आणि मनगटासारखी वळणारी उपकरणे यांचा उपयोग अरुंद जागेत, म्हणजे खालच्या गुदाशयाच्या गाठींत, अधिक आहे. तेथेही २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ४७१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोटच्या गटात ८.१ टक्के आणि साध्या दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के आले, आणि हा फरक योगायोगाचा नाही असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता आले नाही. त्यानंतरच्या काही अभ्यासांत गुदाशयाच्या गाठींसाठी रोबोटचे पारडे जड दिसू लागले आहे, हे मी लपवत नाही. परंतु तुमच्या वडिलांची गाठ २२ सेंटिमीटरवर आहे. तेथे अनुभवी हातातील साधी दुर्बीण पुरते.

या सदराचे इतर वाचक गुदाशयाच्या गाठीविषयी विचारतात, त्यांच्यासाठी थोडे. तेथे आधी एम.आर.आय. करून गाठीची खोली पाहावी लागते, पुष्कळदा आधी किरणोपचार व औषधे द्यावी लागतात आणि दुर्बिणीचा पुरावा इतका एकमुखी नाही. मुख्यतः युरोपातील १०४४ रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांनी त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत ५ टक्के, म्हणजे समान आले. पण त्याच वर्षी, २०१५ मध्ये, अमेरिकेतील आणि ऑस्ट्रेलियातील दोन चाचण्यांना काढलेल्या भागाची प्रत पोट उघडून केलेल्या कामाच्या तोडीची आहे, हे सिद्ध करता आले नाही. म्हणून तेथे पद्धतीआधी ठिकाण निवडावे, आणि ते ज्या ठिकाणी गुदाशयाचे काम रोजचे आहे असेच असावे.

शस्त्रक्रियेआधीच्या दोन आठवड्यांकडे तुमच्या पत्रात कोणी लक्ष दिलेले दिसत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो. हिमोग्लोबिन ९ आहे. एवढ्या थोड्या दिवसांत गोळ्यांनी ते फारसे वाढत नाही, तेव्हा शिरेतून लोह देता येईल का, ते विचारा. वडील बिडी ओढत असतील तर आजच थांबवा. दुर्बिणीत पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरतात, कारण तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. पण तो बाहेर टाकायचे काम फुप्फुसांचे आहे आणि सिग्मॉइडसाठी रुग्णाचे डोके खाली झुकवलेले असल्याने छातीवर भारही येतो. बिडीने आणि मागाच्या कापसाच्या धुळीने शिणलेल्या फुप्फुसांची तपासणी भूलतज्ज्ञांकडून आधीच व्हायला हवी. सी.ई.ए. नावाची रक्तचाचणी शस्त्रक्रियेपूर्वी करून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येते. आणि अहवालात मला एक उणीव दिसते : कोलोनोस्कोपीची दुर्बीण गाठीच्या पलीकडे, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत गेली की नाही, हे त्यात लिहिलेले नाही. शंभरात तीन ते पाच रुग्णांत दुसरी गाठही असते. तसेच गाठ लहान असेल तर तिच्याजवळ शाईची खूण केली आहे का, हे विचारा. दुर्बिणीत शल्यचिकित्सकाला आतडे हाताने चाचपता येत नाही, आणि खुणेअभावी भलताच भाग काढला गेल्याची उदाहरणे आहेत.

शस्त्रक्रियेनंतरच्या खाण्यापिण्यावरून तुमच्या घरात भांडण होईल, हे मी आताच सांगून ठेवतो. आपल्याकडे आतड्याचे ऑपरेशन म्हटले की वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, ही समजूत पक्की आहे, आणि आम्ही डॉक्टरांनीच ती कित्येक वर्षे पक्की केली. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात ती मोडून काढायला सुरुवात केली : भुलेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी, नाकातील नळी शक्यतो नाहीच, अफूजन्य वेदनाशामके कमीत कमी, त्याच संध्याकाळी घोटभर द्रव आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसणे, चालणे, मऊ खाणे. नेदरलँड्समधील चाचणीत दुर्बीण आणि ही पद्धत एकत्र वापरलेल्या रुग्णांचा मुक्काम सर्वांत कमी, म्हणजे ५ दिवस भरला. पोट उघडून जुन्याच पद्धतीने ठेवलेल्यांचा ७ दिवस. म्हणजे नुसती दुर्बीण घेऊन पुढची काळजी जुनीच ठेवली तर पैशांचे पुरते चीज होत नाही. पहिल्याच दिवशी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी मात्र नको; ताक, पेज, मऊ भात यांवरून आठवड्या-दोन आठवड्यांत तिकडे येता येते.

यातील खरा धोका आतड्याचा जोड गळण्याचा आहे, आणि तो छिद्रे लहान असली म्हणून टळत नाही. मोठ्या आतड्याच्या जोडात तो शंभरातील थोड्या रुग्णांत होतो, पण होतो तेव्हा जिवावर बेततो, आणि बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उघड होतो. लवकर घरी सोडलेला रुग्ण त्या वेळी घरीच असू शकतो. दुर्बिणीनंतर एक साधा नियम पाळा : प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा गेला पाहिजे. खांदा एक-दोन दिवस दुखतो, तो उरलेल्या वायूमुळे, त्याची काळजी नको. पण नाडी जलद चालू लागली, ताप आला, पोट फुगले, दुखणे वाढू लागले किंवा माणूस नुसताच गप्प आणि मलूल पडला, तर 'उद्या सकाळी दाखवू' असे म्हणू नका. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया कराल तेथे रात्री सी.टी. स्कॅन आणि अतिदक्षता विभाग चालू असतो का, हे म्हणूनच आधी पाहायचे. घरी सोडताना रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शने दिली, कधी ती चार आठवडे घ्यायला सांगितली, तर तीही मध्येच बंद करू नका.

खर्चाचे पाहू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया येतात. आपल्या सिव्हिलमध्ये किंवा योजनेत अंगीकृत असलेल्या कोणत्याही रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तेथील मदतनिसाला, भेटा, शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्या, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील स्टेपलर योजनेत धरला जातो की तुमच्याकडून मागितला जाईल, एवढा एक प्रश्न दाखल होण्यापूर्वीच निकालात काढा. ऐन वेळचे वाद बहुधा त्यावरूनच होतात. बार्शीलाही कॅन्सर रुग्णालय आहे. पॅथॉलॉजीत लसिका ग्रंथींत रोग आढळला तर केमोथेरपी लागेल आणि ती साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हावी लागते. तेव्हा घराजवळचे ठिकाण सोयीचे पडेल.

मागावर परतण्याविषयी तुम्ही स्पष्ट विचारले नाही, पण 'ते स्वतःच चालवतात' या तुमच्या वाक्यात तो प्रश्न आहे. सर्व ठीक असेल तर दोन-तीन आठवड्यांत मागाशेजारी बसून देखरेख करता येईल. बीम आणि सुताचे गठ्ठे उचलणे दुर्बिणीनंतरही निदान सहा आठवडे बंद ठेवावे, पोट उघडावे लागले तर त्याहून अधिक. तोवर एखादा कामगार ठेवण्याची व्यवस्था आताच करा.

राहता राहिला तुमच्या स्वतःच्या तपासणीचा प्रश्न. साठीच्या आत ज्यांच्या वडिलांना हा आजार झाला, अशा मुलांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा वडिलांच्या आजाराच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांत जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यायची असते, आणि पुढे दर पाच वर्षांनी. तुमच्या घरासाठी ते वय चाळीस. तुमच्या हातात चार वर्षे आहेत. थोरल्या भावाचे वय पत्रात लिहिलेले नाही, तेवढे पाहा. आणि त्याआधी कधी शौचावाटे रक्त दिसले, तर मूळव्याधीचे औषध घेत बसू नका.